कॉलेजांतील विद्यार्थ्याचा ताण व त्याचीं व्यसनें: मापन कसें करावें



आपल्या खेड्यांतील मुलें आतां मोठ्या संख्येनें कॉलेजांत जाऊं लागलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ह्या आनंदाबरोबर एक काळजीहि कित्येक घरांत शिरली आहे. मुलगा रात्रीं उशिरा येतो, कोणाशीं धड बोलत नाहीं, त्याच्या खिशांत तंबाखूची पुडी सांपडते, एखाद्या रात्रीं तोंडाला दारूचा वास येतो. मग आईबाप उपदेशकाकडे किंवा मास्तरांकडे येतात व म्हणतात, “ह्याला चार शब्द सांगा.” अशा वेळीं दोन चुका सहज घडतात. एक ही कीं, कांहीं न विचारतां मुलास व्यसनी ठरवून चारचौघांत बोल लावणें. दुसरी ही कीं, “वयच तसें आहे, सुधारेल पुढें,” असें म्हणून डोळे झांकणें. पहिलीनें मुलगा दुरावतो. दुसरीनें तो बुडतो. दोहोंचें मूळ एकच आहे: निवाडा अगोदर झाला आणि चौकशी झालीच नाहीं. ताप आलेल्या माणसाची वैद्य प्रथम नाडी पाहतो, मग औषध देतो. तोच नियम येथें कसा लावावा, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

१. मुलगा कोणत्या परिस्थितींत शिकतो

उदाहरणासाठीं भिवंडीजवळील पूर्णा हें गांव घेऊं. ठाणें आणि भिवंडी यांमधील पट्ट्यांत कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे अशीं गांवें आहेत. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं, तेथें आतां मालाचीं मोठमोठीं गोदामें उभीं आहेत. आणि भिवंडी शहर तर यंत्रमागांसाठीं सर्व देशांत प्रसिद्ध आहे. ह्या भागांतला एक मुलगा डोळ्यांपुढें आणा. हा कोणी खरा मुलगा नव्हे, धडा समजावा म्हणून आम्हीं तो कल्पिला आहे; पण त्याच्यासारखे अनेक आपणांस भेटले असतील. वय एकोणीस. घरांतून कॉलेजांत गेलेला हा पहिलाच. सकाळीं कॉलेज, तेथें व्याख्यान इंग्रजींत, जें त्याला अर्धेंच कळतें. येतांजातां मालगाड्यांच्या कोंडींत तास दोन तास जातात. फी व प्रवासखर्च निघावा म्हणून आठवड्यांतून तीन रात्री तो गोदामांत माल लावावयास जातो. तेथें जागें राहण्यासाठीं सोबत्यांनीं तंबाखू दिली, ती आतां रोजची झाली. पगाराच्या शनिवारीं मंडळी जमते, तेव्हां बिअरची बाटली फुटते. घरीं बाप म्हणतो, “आम्ही तुझ्यासाठीं एवढें सोसतों आहों.” हें वाक्य प्रेमाचें आहे, पण मुलाच्या मनावर तें दगडासारखें बसतें.

ह्या मुलास कोणी “दारूडा” म्हणेल, कोणी “कष्टाळू” म्हणेल. दोघेहि अर्धेंच पाहतात.

२. ताण म्हणजे काय

भिवंडीच्या वाचकांस हें सांगावयास नको कीं, मागावरचा ताणा सैल पडला तर सूत गुंततें, आणि फाजील ओढला तर तुटतें. कापड विणावयाचें तर ताण पाहिजेच. तो योग्य असला पाहिजे, इतकेंच. मनाचेंहि असेंच आहे. परीक्षेची थोडी धास्ती मुलास पहांटे उठविते. तीच धास्ती मर्यादेपलीकडे गेली म्हणजे वाचलेलें आठवत नाहीं, झोप उडते, पोट बिघडतें, आणि लहानशा बोलण्यावर राग येतो. १९३६ सालीं हॅन्स सेल्ये ह्या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, इजा, थंडी, अतिश्रम, विष अशीं कारणें निरनिराळीं असलीं तरी शरीर त्यांस एकाच ठराविक रीतीनें तोंड देतें, आणि ओझें फार दिवस टिकलें तर शरीर थकून हरतें.

हा ताण मोजण्यासाठीं १९८३ सालीं अमेरिकेंत शेल्डन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आज तिचा दहा प्रश्नांचा नमुना फार वापरला जातो. तींत गेल्या एका महिन्याविषयीं विचारतात: अनपेक्षित घडलेल्या गोष्टींनीं मन किती वेळां अस्वस्थ झालें? महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातीं राहिल्या नाहींत असें किती वेळां वाटलें? अडचणींचा ढीग आपल्यानें उपसवणार नाहीं असें किती वेळां वाटलें? प्रत्येक उत्तरास शून्यापासून चारपर्यंत गुण असतात. चार प्रश्न उलट बाजूनें, म्हणजे धीर व आत्मविश्वास यांविषयीं असतात. त्यांचे गुण उलटे धरावे लागतात. एकूण बेरीज शून्य ते चाळीस. बेरीज जितकी अधिक तितका भार अधिक. परंतु हें लक्षांत असूं द्यावें कीं, ही बेरीज म्हणजे रोगाचें नांव नव्हे. कोणास कोठें अधिक विचारपूस करावयाची, एवढेंच ती दाखविते.

३. ताण व व्यसन एकमेकांस कसे पोसतात

मुलगा म्हणतो, “तंबाखू घेतली कीं डोकें शांत होतें.” तो खोटें बोलत नाहीं, पण जें घडतें तें त्यास ठाऊक नसतें. तंबाखूंतील निकोटीन रक्तांतून सुमारें दोन तासांत अर्धें उतरतें. तें उतरूं लागलें कीं बेचैनी येते, लक्ष लागत नाहीं, चिडचीड होते. नवी चिमूट तोंडांत टाकली कीं ती बेचैनी जाते. म्हणजे जी तळमळ तंबाखूनेंच उत्पन्न केली तीच ती शमविते, आणि मुलगा तिला उपकारकर्ती समजतो. सावकार आपल्याच कर्जाचें व्याज फेडावयास नवें कर्ज देतो, तसा हा व्यवहार आहे.

दारूचेंहि तसेंच. ती घेतल्यावर झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धांत ती मोडते. सकाळीं डोकें जड, आणि वाचलेलें पक्कें होत नाहीं. अभ्यास मागें पडला कीं ताण वाढतो, आणि ताण वाढला कीं पुन्हां बाटलीची आठवण होते. गांजानें लक्ष व तात्पुरती स्मरणशक्ति मंदावते; आणि मनुष्याच्या मेंदूची वाढ पंचविशीच्या सुमारापर्यंत चालू असल्यामुळें विद्यार्थीदशेंत ही हानि अधिक होते. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलें खोकल्याचें औषध, आणि मेफेड्रोनसारखीं नवीं विषें यांविषयींहि आपण अजाण राहूं नये.

हें सर्व एकट्यादुकट्याचें दुःख नव्हे. भारत सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेली पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांपैकीं शेंकडा १४.६, म्हणजे सुमारें १६ कोटि लोक, दारू घेतात. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २७.३ व स्त्रियांत १.६ आहे.

४. विचारण्याची रीत

मापन प्रश्नांनीं होतें, आणि प्रश्न कसा विचारला यावर उत्तर खरें कीं खोटें हें ठरतें. “तूं पितोस काय रे?” असें बापासमोर विचारलें तर उत्तर ठरलेलें आहे: “नाहीं.” म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या.

पहिली: एकांतांत विचारावें, आणि आरंभीं परवानगी घ्यावी. “बाळ, तुझ्या प्रकृतीविषयीं कांहीं विचारूं काय? येथें झालेलें बोलणें माझ्याजवळ राहील. मात्र तुझ्या जिवाला धोका दिसला तर मला मदत आणावी लागेल.” वचन देतांनाच ही मर्यादा सांगावी. मागाहून वचन मोडण्यापेक्षां आधीं मर्यादा सांगणें बरें.

दुसरी: झोप, जेवण, प्रवास, अभ्यास यांपासून सुरुवात करावी. मग तंबाखू, मग दारू, मग गांजा व इतर पदार्थ. सोप्यापासून अवघडाकडे जावें.

तिसरी: प्रत्येक पदार्थाचें नांव वेगळें घ्यावें. आपल्या खेड्यांत मशेरीस कोणी व्यसन समजत नाहीं; ती दांत घासण्याची वस्तु मानतात. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तसेंच मावा, गुटखा, तपकीर. “तंबाखू खातोस काय?” ह्यास “नाहीं” म्हणणारा मुलगा दिवसांतून तीनदां मशेरी लावीत असूं शकेल.

चौथी: “घेतोस काय?” असें न विचारतां “गेल्या महिन्यांत किती वेळां?” असें विचारावें. पहिल्या प्रश्नांत आरोप आहे. दुसऱ्यांत मोजणी आहे.

पांचवी: मुलींस हे प्रश्न शहाण्या व विश्वासू स्त्रीनें विचारावे. मुलींच्या सवयी अधिक लपलेल्या असतात, म्हणून त्या नाहींतच असें समजूं नये.

५. मापनाचे प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेनें दारूविषयीं दहा प्रश्नांची एक कसोटी १९८९ सालीं प्रसिद्ध केली. तिला ऑडिट म्हणतात. प्रत्येक उत्तरास शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. बेरीज सातपर्यंत असेल तर धोका थोडा. आठ ते पंधरा असेल तर सल्ला द्यावा. सोळा ते एकोणीस असेल तर वारंवार भेटून मार्गदर्शन व देखरेख करावी. वीस किंवा अधिक असेल तर तज्ज्ञ डॉक्टरकडे न्यावें.

येथें पेल्याचें माप समजून घ्यावें. एक पेला म्हणजे सुमारें दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क. तीस मिलिलिटर विदेशी दारूंत इतका मद्यार्क असतो. परंतु शेंकडा आठ मद्यार्काच्या तीव्र बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलींत सुमारें एकेचाळीस ग्रॅम, म्हणजे चार पेले भरतात. मुलगा म्हणतो, “एकच घेतली”. खरें पाहतां चार झाले. हातभट्टीच्या दारूचें तर मापच लागत नाहीं, आणि तींत मिथेनॉल मिसळलें असलें तर प्राणच जातो. मुंबईंत मालवणी येथें २०१५ च्या जून महिन्यांत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं.

आतां आपल्या कल्पिलेल्या मुलाची मोजणी करूं. महिन्यांतून दोन ते चार वेळां घेतो: गुण २. एका वेळीं चार पेले: १. सहा किंवा अधिक पेले महिन्यांतून एकदांहि नव्हे, पण वर्षांत कधींतरी, एखाद्या लग्नाच्या हळदीच्या रात्रीं: १. एकदां सुरू केल्यावर थांबवत नाहीं असें घडलें काय? नाहीं: ०. दारूमुळें ठरलेलें काम राहिलें काय? कधींतरी एक परीक्षा बुडाली: १. सकाळीं उठल्याबरोबर लागते काय? नाहीं: ०. मागाहून खंत वाटते काय? दर महिन्यास: २. रात्रीचें आठवत नाहीं असें झालें काय? नाहीं: ०. कोणास इजा? नाहीं: ०. कोणी जवळच्यानें ह्या वर्षांत काळजी दाखविली काय? एका मित्रानें: ४. बेरीज अकरा.

अकरा ह्याचा अर्थ काय? हा मुलगा दारूच्या कह्यांत गेलेला नाहीं. परंतु वाट त्या दिशेस जाते. त्यास रुग्णालयाची नव्हे, तर समंजस सल्ल्याची गरज आहे. आणि खंतीचे ते दोन गुण पाहा. कसोटींत ते धोक्याच्या बाजूस पडतात हें खरें. पण ज्याला खंत वाटते त्याच्या मनाचें दार अजून उघडें आहे. तेथें जर आपण त्याला लाजविलें, तर तें दार आपणच लावून घेऊं.

तंबाखूसाठीं व इतर सर्व पदार्थांसाठीं त्याच संघटनेची असिस्ट नांवाची आठ प्रश्नांची दुसरी कसोटी आहे. तींत गेल्या तीन महिन्यांविषयीं विचारतात आणि प्रत्येक पदार्थाचे गुण वेगळे ठेवितात. तंबाखूस चार ते सव्वीस गुण मध्यम धोका, सत्तावीस किंवा अधिक मोठा धोका. आपला मुलगा तंबाखू रोज घेतो: ६, ओढ रोज वाटते: ६, ह्या तीन महिन्यांत सोडूं पाहिली, सुटली नाहीं: ६. बेरीज अठरा. म्हणजे ज्या दारूमुळें घरांत एवढा गलबला झाला तिच्यापेक्षां, जिच्याकडे कोणी पाहिलेंहि नाहीं त्या तंबाखूनेंच त्याला घट्ट धरिलें आहे. मोजल्यावांचून हें कळलें नसतें.

६. आठवड्याचा तक्ता

प्रश्नावली छापील मिळाली नाहीं तरी एक साधी वही पुरे. मुलाकडून सात दिवसांचा तक्ता लिहवून घ्यावा: झोप किती तास, प्रवास किती, काम किती, अभ्यास किती, आणि कोणता पदार्थ केव्हां व कोणाबरोबर. तक्ता त्यानें स्वतः भरावा. आपण तो तपासावयास नव्हे, त्याच्याबरोबर वाचावयास बसावें.

आपल्या मुलाच्या तक्त्यांत काय दिसेल? गोदामाच्या तीन रात्रीं झोप चार तास, आणि तंबाखूच्या पुड्या इतर दिवसांच्या तिप्पट. त्या वयांत सात ते नऊ तास झोप पाहिजे. बिअर मात्र पगाराच्या शनिवारींच, आणि सोबत्यांबरोबरच. म्हणजे तंबाखू जागरणास चिकटली आहे, आणि दारू संगतीस. एका उपदेशानें दोन्ही सुटणार नाहींत. पहिलीसाठीं रात्रीच्या पाळ्या कमी कराव्या लागतील. दुसरीसाठीं शनिवारची संध्याकाळ दुसऱ्या कशानें तरी भरावी लागेल. ह्याउलट परीक्षेच्या आदल्या रात्रीं पदार्थ दिसला तर भीति हें कारण समजावें. आणि दररोज सकाळीं दिसला तर शरीरच गुलाम झालें असें समजून डॉक्टर गांठावा.

काम करून शिकण्यांत कमीपणा नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें तें “कमवा व शिका” ह्याच तत्त्वावर. परंतु तेथें श्रम शिक्षणाच्या सोयीनें आंखले होते. गोदामाची पाळी मालाच्या सोयीनें आंखली जाते. भेद येथें आहे.

७. मापनानंतर काय करावें

धोका थोडा असेल तर माहिती द्यावी व आधार द्यावा. मध्यम असेल तर पांचदहा मिनिटांचें शांत बोलणेंहि उपयोगी पडतें. असिस्ट कसोटीनंतर दिलेल्या अशा थोडक्या सल्ल्याची परीक्षा चार देशांत झाली, त्यांत भारत होता, आणि तीन महिन्यांनीं पदार्थांचें सेवन कमी झालेलें आढळलें. त्या बोलण्यांत बेरीज सांगावी, तिचा अर्थ सांगावा, आणि मग विचारावें, “तुला काय बदलावेंसें वाटतें?” ठराव मुलाच्या तोंडून यावा, आपल्या तोंडून आलेला ठराव उंबरठ्यापलीकडे जात नाहीं.

ओझेंहि हलकें करावें. बापानें फीचा हिशेब मुलापुढें रोज मांडूं नये. इंग्रजी कच्चें असेल तर गांवांतील एखाद्या शिकलेल्यानें आठवड्यांतून दोन संध्याकाळीं शिकवावें. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें दिलेल्या निर्देशांप्रमाणें शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेंत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असला पाहिजे; त्याची चौकशी कॉलेजांत करावी. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्यानें मनाई आहे. वडील मंडळींनीं दुकानदारास ह्याची आठवण द्यावी. आणि जो बाप मुलाला पुडी आणावयास दुकानीं पाठवितो, त्यानें प्रथम स्वतःची बेरीज करावी.

धोका मोठा असेल तर उशीर करूं नये. येथें एक सावधगिरी अवश्य पाळावी: जो रोज पुष्कळ दारू पितो, ज्याचे हात सकाळीं कांपतात, त्याची दारू घरीं एकदम बंद करूं नये. त्यानें फेफऱ्यासारखे झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणहि जातो. डॉक्टरच्या देखरेखीखालींच ती सोडवावी. भिवंडींत इंदिरा गांधी स्मृति उपजिल्हा रुग्णालय आहे. ठाण्यास १९०१ सालापासूनचें मनोरुग्णालय आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं स्थापिलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनि सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली; तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस व विनामूल्य असते. व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ हा क्रमांक आहे. मुलगा “जगण्यांत अर्थ नाहीं” असें बोलूं लागला, आवडत्या वस्तु वाटून टाकूं लागला, तर त्यास एकटें सोडूं नये. त्याच क्षणीं मदत बोलवावी. असें विचारल्यानें मरणाचा विचार मनांत भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानें भार हलका होतो.

८. महाराष्ट्रांतील एक अनुभव

पुण्यांत १९८० नंतरच्या वर्षांत “गर्द” नांवाच्या विषानें चांगल्या घरांतील तरुण मुलें पछाडलीं. लेखक अनिल अवचट यांनीं त्या मुलांविषयीं लिहिलें, आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनीं २९ ऑगस्ट १९८६ रोजीं मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें, पु. ल. व सुनीता देशपांडे यांनीं त्यास साह्य केलें. ह्या कामानें महाराष्ट्रास एक गोष्ट शिकविली: व्यसनी मनुष्य गुन्हेगार नसून आजारी आहे, आणि आजाऱ्याशीं बोलण्याची रीत निराळी असते. तो बरा होऊन घरीं आल्यावरहि त्याची विचारपूस चालू ठेवावी लागते. केंद्र दूर असतें. गांव जवळ असतो. म्हणून ही शेवटची कामगिरी गांवाची आहे.

पुढच्या वेळीं आईबाप “ह्याला चार शब्द सांगा” म्हणत आले, तर त्यांस सांगा, “सांगूं; पण आधीं चार शब्द ऐकूं.” मग मुलाबरोबर एकांतांत बसा, आणि पहिला प्रश्न झोपेचा विचारा.

अभ्यासवर्गासाठीं प्रश्न

१. निवाडा आधीं व चौकशी मागून झाल्यास कोणत्या दोन चुका होतात?
२. मागावरील ताण्याच्या दाखल्यावरून मनाच्या ताणाविषयीं काय शिकतां?
३. तंबाखूनें डोकें शांत होतें असें मुलास कां वाटतें?
४. एका तीव्र बिअरच्या बाटलींत किती पेले भरतात?
५. धड्यांतील मुलाच्या दोन बेरजा कोणत्या, आणि त्यांवरून काय कळलें?
६. रोज पिणाऱ्याची दारू घरीं एकदम कां बंद करूं नये?
७. आपल्या गांवांतील एका विद्यार्थ्याचें ओझें ह्या महिन्यांत आपण कोणत्या एका कृतीनें हलकें कराल?